शिडाच्या बोटीवरचा प्लग पॉइंट: गेलेला करंट परत आला का?

उजव्या हातात टोस्टर आणि डावा हात डोलकाठीवर. मी एवढंच केलं होतं. अमेरिकेतली आमची बोट लहान, ३२ फुटी, १९८४ सालची. तिची डोलकाठी डेकमधून खाली उतरून थेट केबिनच्या मधोमध उभी आहे आणि तिला खेटूनच दोन हात रुंदीचं स्वयंपाकघर आहे. बोट जरा हलली की माणूस सवयीने डोलकाठी धरतो. त्या सकाळी धरली आणि दोन्ही कोपरांपर्यंत झिणझिण्या गेल्या. टोस्टर हातातून सुटला. पॅनेलवरचा १५ अँपिअरचा ब्रेकर मात्र ढिम्म.

"मग तो ब्रेकर लावलाय कशाला?" बायकोने विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता आणि हा सगळा लेख त्याचंच उत्तर आहे.

ब्रेकर माणसासाठी नसतोच. तो तारेसाठी असतो. भिंतीतली (आमच्या बाबतीत फायबरच्या फळीमागची) तार जास्त करंटने तापून पेटू नये, एवढंच त्याचं काम. १५ अँपिअरच्या वर बराच वेळ गेलं, किंवा शॉर्ट झालं, तर तो पडतो. माझ्या अंगातून गेला तो करंट असेल काही मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचे काही हजारावे भाग. ब्रेकरच्या लेखी ती चिल्लरसुद्धा नाही.

शरीराला मात्र चिल्लर पुरते. एक मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. दहाच्या पुढे हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. बर्कलेचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून हे मोजलं: पकड सोडता येण्याची सरासरी मर्यादा पुरुषांत सुमारे १६ आणि स्त्रियांत सुमारे साडेदहा मिलिअँपिअर. तीसच्या आसपास श्वासाचे स्नायू गोत्यात येतात, शंभरच्या आसपास हृदयाची लय बिघडू शकते. ओल्या हातांनी शरीराचा रोध हजार ओहम धरला, तर अमेरिकेतल्या १२० व्होल्टला १२० मिलिअँपिअर होतात. त्या दिवशी माझे हात कोरडे होते आणि पायात रबरी चपला होत्या. पण डोलकाठी विजेपासून संरक्षण म्हणून तळाच्या कीलला (पाण्यात बुडालेल्या कण्याला) जाड तांब्याच्या तारेने जोडलेली असते. म्हणजे मी एका हाताने बिघडलेला टोस्टर धरला होता आणि दुसऱ्या हाताने बोटीखालचा अख्खा चेसापीक उपसागर.

याच डॅल्झील यांनी १९६१ मध्ये त्यावरचा उपाय शोधला. अमेरिकेत त्याला जीएफसीआय म्हणतात. बटणं असलेला तो चौकोनी प्लग पॉइंट, ज्यावर 'टेस्ट' आणि 'रीसेट' लिहिलेलं असतं. आपल्याकडे मीटरखालच्या डबीत बसतो तो आरसीसीबी त्याचाच भाऊ (जुने वायरमन अजूनही सरसकट ईएलसीबी म्हणतात). फरक संवेदनशीलतेचा. घरचा आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअरला पडतो, अमेरिकेतला जीएफसीआय चार ते सहाला.

आत काय चालतं, ते किराणा दुकानाच्या वहीसारखं आहे: जेवढं गेलं तेवढं आलं पाहिजे. फेजची आणि न्यूट्रलची अशा दोन्ही तारा अंगठीएवढ्या एका चुंबकीय कड्यातून ओवलेल्या असतात. फेजमधून पाच अँपिअर गेले आणि न्यूट्रलमधून पाच परत आले, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि कड्याला काहीच कळत नाही. पाच गेले आणि ४.९९४ आले, तर ताळा जुळत नाही. सहा मिलिअँपिअर भलत्याच वाटेने गेले, कदाचित माणसातून. कड्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेत तेवढ्याने सिग्नल उठतो आणि स्विच उडतो. गळती मोठी असेल तर सेकंदाच्या चाळिसाव्या भागात.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर मिलिअँपिअर वाचणारा क्लॅम्प मीटर घ्या. धक्क्यावरून बोटीत येणारी पिवळी जाडजूड केबल अख्खीच्या अख्खी त्याच्या जबड्यात धरा. आत चार्जर चालू, हीटर चालू, दहा-बारा अँपिअर वाहताहेत, आणि मीटर दाखवतो जवळपास शून्य. जे उरतं ती तुमच्या बोटीची गळती. पहिल्यांदा मी केबल धरली तेव्हा ११ मिलिअँपिअर दिसले. त्याची गोष्ट पुढे येईल.

या रचनेतून दोन गोष्टी आपोआप निघतात. एक, जीएफसीआयला काम करायला अर्थिंगची तार लागत नाही. तो फक्त दोन तारांची बेरीज पाहतो. दोन, तुम्ही एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरलात तर तो तुम्हाला वाचवणार नाही. गेलेलं सगळं परत आलं, ताळा जुळला, वही खूश. तुमचा आणि बल्बचा फरक त्याला कळत नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीच्या वायरिंगशी तर त्याचा संबंधच नाही, तिथे भीती शॉकची नसून आगीची असते.

अमेरिकेत घरांच्या बाथरूमला हे १९७५ मध्ये सक्तीचं झालं, स्वयंपाकघराला १९८७ मध्ये. बोटींसाठी एबीवायसी नावाची संस्था मानकं काढते. तिचं कार्यालय आमच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, अ‍ॅनापोलिसमध्येच आहे. तिचं ई-११ हे मानक सांगतं की स्वयंपाकघर, संडास, इंजिनाची जागा आणि उघडा डेक इथल्या प्लग पॉइंटना पाच मिलिअँपिअरचं संरक्षण हवं. हा कायदा नाही. पण इन्शुरन्सचा सर्वेयर हेच मानक हातात घेऊन बोटीत उतरतो, त्यामुळे फरक फारसा पडत नाही.

आता बसवण्याबद्दल. घरातला जीएफसीआय चालतो, पण बोट म्हणजे घर नव्हे. जुना सॉकेट काढला तेव्हा मागच्या तारांची टोकं हिरवी पडलेली होती आणि स्क्रूभोवती मिठाची पांढरी साय. बोटीत एकसंध तांब्याची तार वापरत नाहीत, हलून हलून ती तुटते. बारीक पदरांची, कल्हई केलेली तार असते. तिचे पदर स्क्रूखाली गुंडाळले की निम्मे बाहेर फिस्कारतात, म्हणून मागच्या बाजूला दाबपट्टी असलेला सॉकेट घ्यावा. हिरवी पडलेली टोकं चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापून टाकावीत.

तारांचे रंग हा तर जुन्या अमेरिकन बोटीतला सापळाच आहे. १२० व्होल्टची फेज काळी असते. आणि १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह, जी निर्धास्तपणे हाताने धरायची सवय असते, तीसुद्धा काळीच. एकाच फळीमागे दोन काळ्या तारा, एक निरुपद्रवी आणि एक जीवघेणी. म्हणून आता बॅटरीच्या निगेटिव्हसाठी पिवळा रंग सुचवतात. १९८४ च्या बोटीला ते कोण सांगणार! मी फळी उघडण्याआधी केबल धक्क्यावरून काढतो, इन्व्हर्टर बंद करतो आणि तरीही मीटर लावून पाहतो.

सॉकेटच्या पाठीवर 'लाइन' आणि 'लोड' अशा दोन जोड्या असतात. येणारी वीज लाइनला. पुढच्या सॉकेटना जाणाऱ्या तारा लोडला लावल्या की त्या साध्या सॉकेटनाही तेच संरक्षण मिळतं. आमच्याकडे स्वयंपाकघरात एक जीएफसीआय बसवून पुढचे दोन साधे सॉकेट झाकले गेले. २०१५ पासूनचे जीएफसीआय स्वतःची तपासणी स्वतःच करतात. त्याआधीचे असतील तर बदलून टाका. ते मरतात तेव्हा वीज चालूच राहते, मेलेलं फक्त संरक्षण असतं. खाऱ्या हवेत हे लवकर होतं. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबायला पाच सेकंद लागतात.

मी बटण दाबलं. टक् करून उडाला. रीसेट केला. आता काळजी नाही, असं वाटलं. ते चुकीचं होतं, आणि का चुकीचं होतं हे कळायला मला अर्धा उन्हाळा लागला.

न्यूट्रल आणि अर्थ कुठे भेटतात

एका शनिवारी खाडीत नांगर टाकून बसलो होतो. धक्का नाही, केबल नाही. लॅपटॉप चालवायला दुकानातून आणलेला एक स्वस्त इन्व्हर्टर मी बोटीच्या वायरिंगला जोडला होता. सहज म्हणून तीन दिव्यांचा प्लग टेस्टर त्याच जीएफसीआय सॉकेटमध्ये खोचला. दिवे मिणमिणले. टेस्टरवरचं जीएफसीआय तपासायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. सॉकेटचं स्वतःचं बटण दाबलं, तर टक्!

दोन बटणं, दोन उत्तरं. कारण दोघांची वाट वेगळी. सॉकेटचं बटण आतल्या आत कड्याला वळसा घालून फेजमधून न्यूट्रलमध्ये थोडा करंट सोडतं. यंत्र जिवंत आहे की नाही, एवढंच ते सांगतं. टेस्टरचं बटण फेजमधून अर्थच्या तारेत करंट सोडतं, म्हणजे खऱ्या बिघाडाची नक्कल करतं. तो करंट गेला तर कड्याला कळणार. पण तो गेलाच नाही.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण बोटीवरच्या विजेची सगळी मेख इथे आहे. आपण म्हणतो करंट 'जमिनीत जातो'. जमिनीत काही मुरत नाही. करंट जिथून निघाला त्या उगमाकडेच परत जातो, जमीन ही फक्त वाट. अमेरिकेत घराच्या मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून जमिनीतून गेलेल्याला उगमापर्यंत पोचायला दार मिळतं. बोट धक्क्याला असताना तिचा उगम किनाऱ्यावर आहे. ते दार किनाऱ्यावरच असतं आणि बोटीत मुळीच नसावं लागतं. नांगर टाकून इन्व्हर्टर चालू केला की उगम बोटीतच आला. आता दार बोटीत हवं. जनरेटरचंही तेच. धक्क्याला परतलात की ते दार पुन्हा बंद. घराचा उगम बदलत नाही, बोटीचा दिवसातून दोनदा बदलतो.

माझ्या स्वस्त इन्व्हर्टरला हे दार नव्हतंच. त्याच्या दोन्ही तारा अधांतरी होत्या. मीटरवर दोन्हींवर साठ-साठ व्होल्ट दिसायचे, पण पोकळ, मागे करंट नाही.

मग उलट बरंच की, शॉकच बसणार नाही, असं माझ्या एका मित्राने म्हटलं. पहिल्या बिघाडापुरतं त्याचं खरं आहे. पण समजा टोस्टरची एक तार आतून पत्र्याला टेकली आणि पत्रा डोलकाठीला. काही उडत नाही, कुणाला कळत नाही. आता बोटीची सगळी धातूची अंगं त्या तारेशी जोडली गेली. पुढच्या आठवड्यात पुढच्या सॉकेटला लावलेल्या दिव्याची दुसरी तार उघडी पडते आणि तुमचा हात लागतो. करंट त्या तारेतून तुमच्यात, तुमच्यातून डोलकाठीत, तिथून टोस्टरच्या बिघाडातून पहिल्या तारेत. दोन्ही बिघाड जीएफसीआयच्या पुढच्या बाजूला, म्हणजे जेवढं गेलं तेवढं कड्यातून परत आलं. ताळा अगदी चोख, आणि तुम्ही मध्ये!

उपाय म्हणजे बोटीसाठीच बनवलेला इन्व्हर्टर. यूएल ४५८ या मानकात सागरी वापराची वेगळी पुरवणी आहे, ती पाळणारा. त्यात एक रिले, म्हणजे आपोआप बदलणारा स्विच, असतो: बॅटरीवर चालताना तो न्यूट्रल आणि अर्थ जोडतो, किनाऱ्याची वीज आली की तोडतो. स्वस्त इन्व्हर्टरमध्ये हा जोड स्वतः तार टाकून करायला जाऊ नका. काहींच्या आत रचनाच अशी असते की तसं करताच ते जळतात. काही स्वस्त इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते, तिच्यावर जीएफसीआय नीट चालेलच असंही नाही. मी माझा इन्व्हर्टर वायरिंगमधून काढला आणि फोन चार्ज करायला सुटा ठेवला.

आपल्याकडच्या वाचकांनी हे ओळखलं असेल. घरात इन्व्हर्टर बसवला आणि दुसऱ्या दिवसापासून आरसीसीबी उडायला लागला, ही तक्रार काही नवी नाही. बहुतेकदा इन्व्हर्टरचं न्यूट्रल आणि लाइटचं न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेलं असतं, करंट एका वाटेने जातो आणि दुसऱ्या वाटेने येतो. वायरमन मग तारा शोधण्याऐवजी आरसीसीबीच काढून टाकतो आणि घरमालक त्याला वर चहा पाजतो.

खांबावरचा ब्रेकर उडतो तेव्हा

सॉकेटचा जीएफसीआय सॉकेटला लावलेल्या वस्तूपुरता. पण बोटीत चार्जर आणि गीझर थेट पॅनेलवरून जोडलेले असतात, त्यांच्याकडे तो बघतही नाही. त्यासाठी केबल बोटीत शिरते तिथे, दहा फुटांच्या आत, ईएलसीआय नावाचा मोठा भाऊ लावतात: ३० मिलिअँपिअर, सेकंदाच्या दहाव्या भागात. अख्ख्या बोटीचा हिशेब त्याच्याकडे. ३० ची मर्यादा पाचपेक्षा ढिली, कारण प्रत्येक चार्जर, प्रत्येक लॅपटॉपचा अडॅप्टर फिल्टरमधून थोडं थोडं अर्थमध्ये सोडतच असते आणि बोटीभराची ती बेरीज होते.

२०१७ च्या अमेरिकी विद्युत संहितेने मरीनांनाही (बोटी बांधायच्या धक्क्यांनाही) ३० मिलिअँपिअरची अट घातली. धक्क्यावरून बोटींना वीज देणाऱ्या नव्या खांबांशी जुन्या बोटींची गाठ पडली आणि धक्क्याधक्क्यांवर भांडणं सुरू झाली. वर्षानुवर्षं निमूट चालणारी बोट नव्या खांबाला जोडताच ब्रेकर पडतो. मालक म्हणतो खांब खराब आहे. बहुतेकदा खांब बरोबर असतो.

नेहमीचे गुन्हेगार तीन. एक, कुणीतरी केव्हातरी बोटीच्या पॅनेलमागे पांढरी (न्यूट्रलची) आणि हिरवी (अर्थची) पट्टी जोडून ठेवलेली असते, घरातल्यासारखी. मग न्यूट्रलचा करंट दोन वाटांनी परततो आणि खांब लगेच उडतो. दोन, इन्व्हर्टरचा तो रिले किनाऱ्याची वीज आल्यावर क्षणभर उशिरा सुटतो. आधी ब्रेकर बंद ठेवून केबल जोडा आणि मग एकेक चालू करा, पाच मिनिटांत कळतं. तीन, गीझर.

माझे ११ मिलिअँपिअर गीझरचे निघाले. पॅनेलवरचे स्विच एकेक करत बंद केले, क्लॅम्प मीटर केबलवरच ठेवून. चार्जर बंद केला, ११ चे ९ झाले. गीझर बंद केला, जवळपास शून्य. एलिमेंट बाहेर काढलं तर त्याच्या नळीवर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र होतं, भोवती गंजाची कडा. आतली पांढरी भुकटी, जी तार आणि नळी वेगळी ठेवते, ती पाणी पिऊन बसली होती. अजून वर्षभर गेलं असतं तर ९ चे ९० झाले असते.

तो करंट जात कुठे होता? बराचसा हिरव्या अर्थच्या तारेतून खांबाकडे. पण बोटीत अर्थ इंजिनाला जोडलेला असतो, इंजिन दांड्याला, दांडा पंख्याला, आणि पंखा पाण्यात. म्हणजे थोडा पाण्यातूनही. हिरवी तार शाबूत आहे तोवर हे थोडंच राहतं. ती तुटली की सगळाच पाण्यात.

आणि काही लोक ती मुद्दाम तोडतात. शेजारच्या बोटी हिरव्या तारेतून एकमेकींना जोडल्या जातात, पाण्यात त्यांची मिळून एक बॅटरी बनते आणि बोटीचा बाकीचा धातू गंजू नये म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे भराभर झिजतात. जस्त वाचवायला तार कापायची! काही डॉलरच्या जस्तासाठी. त्याला साधा उपाय आहे: हिरव्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा. त्यातले डायोड एखाद-सव्वा व्होल्टचा तो गंजवणारा करंट अडवतात आणि खरा बिघाड झाला तर १२० व्होल्टला वाट देतात.

पाण्यात गेलेला करंट खाऱ्या समुद्रात फारसा त्रास देत नाही. मिठाचं पाणी आपल्या शरीरापेक्षा कितीतरी चांगलं वाहक, करंट माणसाला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात उलट. तिथे शरीरच सोपी वाट. हातपाय आखडतात आणि चांगला पोहणारा बुडतो. शवविच्छेदनात फक्त बुडणं दिसतं. चेसापीकचं वरचं टोक, सस्क्वेहॅना नदी मिळते तिकडे, गोडंच आहे. आमच्याकडे पाणी मचूळ, आणि मोठ्या पावसानंतर वरच्या थरात आणखी गोडं.

ऑगस्टच्या उकाड्यात मुलं धक्क्यावरून उडी मारायला मागतात. आम्ही केबल काढून गुंडाळतो, नदीत जाऊन नांगर टाकतो, आणि मग शिडी खाली सोडतो.